गोडाची तलफ आणि वजनाचा काटा

वजन आटोक्यात ठेवायचंय, पण गोड सुटत नाही, अशी तक्रार वाचकांच्या पत्रांत वेगवेगळ्या शब्दांत पुन्हापुन्हा येते. त्यातल्या निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. लांबलेल्या पत्रांतला प्रश्नापुरता भाग तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : वय ३९, बैठं काम. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, दुपारी सॅलड आणि एक फळ असं हलकं खाते. तोवर सगळं नीट चालतं. चार वाजले की मात्र दिसेल ते गोड तोंडात जातं, आणि बिस्किटांचा अर्धा पुडा कधी संपला कळतही नाही. मनावर ताबा कसा ठेवू?

मनाचं नंतर बघू, आधी दुपारच्या ताटाकडे बघू. तुम्ही लिहिलंय त्याची बेरीज केली तर चार वाजेपर्यंत तुमच्या पोटात जेमतेम ४०० कॅलरी जातात. दिवसाची गरज १८०० च्या आसपास धरली तर शरीर चार वाजता थकबाकी वसूल करायला येतं. त्याला तेव्हा जे सगळ्यात झटपट वापरता येईल ते हवं असतं, म्हणजे साखर. तुम्ही याला तलफ म्हणताय, पण ही सरळसरळ भूक आहे.

खात्री करायची असेल तर त्या क्षणी स्वतःला विचारा: आत्ता कुणी उकडलेलं अंडं किंवा वाटीभर साधं दही दिलं तर खाईन का? उत्तर ‘हो’ आलं तर भूक. ‘नको, गोडच हवं’ असं आलं तर तलफ. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून ही चाचणी महत्त्वाची.

भुकेवरचा उपाय सकाळी सुरू होतो. न्याहारीत २० ते २५ ग्रॅम प्रथिनं जायला हवीत. दोन अंड्यांत साधारण १२ ग्रॅम, पेलाभर म्हणजे २४० मिली दुधात ८ आणि मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाण्यांत ७ ते ८ ग्रॅम मिळतात. अंडी चालत नसतील तर २०० ग्रॅम चक्क्यासारखं घट्ट, पाणी गाळलेलं दही घ्या. साध्या दह्यात १०० ग्रॅमला साडेतीन-चार ग्रॅमच प्रथिनं असतात, त्यामुळे त्याच्या एका वाटीवर भागत नाही. दुपारचं सॅलड खुशाल ठेवा, पण त्यात २०० ग्रॅम शिजवलेली कडधान्यं, थोडं धान्य आणि चमचाभर तेल घाला. नुसती काकडी-टोमॅटो पोटात फार वेळ टिकत नाहीत.

साडेतीन वाजता, म्हणजे भूक भडकण्याआधी, एक सफरचंद आणि १०-१२ बदाम खा. ते सगळं मिळून पावणेदोनशेच्या आसपास कॅलरी होतात, अर्ध्या पुड्यापेक्षा खूपच कमी. इथे हमखास दोन चुका होतात. पहिली म्हणजे न्याहारी वाढते, पण सवयीची बिस्किटंही चालू राहतात, मग पहिल्याच आठवड्यात वजन वाढतं आणि माणूस न्याहारीला दोष देतो. दुसरी म्हणजे साडेतीनचं खाणं कामाच्या नादात पुढे ढकललं जातं. चारला खाल्लेलं सफरचंद बिस्किटांच्या आधी जातं, बिस्किटांऐवजी जात नाही.

पाच दिवस एका वहीत चारच गोष्टी लिहा: तलफ आली ती वेळ, त्याआधी शेवटचं कधी खाल्लं, आदल्या रात्रीची झोप किती तास, आणि त्या वेळी काय चाललं होतं. झोप कशाला, असं वाटेल. शिकागो विद्यापीठातला एक छोटा प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. दहा तास मिळालेल्या रात्रींच्या तुलनेत त्यांच्यातलं पोट भरल्याचा संदेश देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि भूक जागवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त भरलं. ओढही वाढली ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. तुमच्या वहीत वाईट दुपारींच्या आधी अपुरी झोप दिसू लागली, तर ताट सुधारूनही उपाय अर्धवटच राहील.

प्रश्न : साखर पूर्ण बंद केली आणि १२०० कॅलरींचा आहार सुरू केला. बारा दिवस एक कणही खाल्ला नाही. तेराव्या दिवशी मिठाईचा अख्खा डबा संपवला. माझ्यात निर्धारच नाही का?

बारा दिवस निघाले म्हणजे निर्धार भरपूर आहे, तो चुकीच्या जागी खर्च झाला. बहुतेक प्रौढांना १२०० कॅलरी अपुऱ्या पडतात, आणि अर्धपोटी माणसाच्या डोक्यात अन्नाशिवाय काही राहत नाही. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला गेला. त्यातले कित्येक जण पाककृती जमवू लागले, ताटात आहे तेवढं पुरवून पुरवून खाऊ लागले, दिवसरात्र खाण्याविषयीच बोलू लागले. त्यांचं मन दुबळं नव्हतं, उपासमारीत असंच होतं. आधी कॅलरी वाढवा. रोजच्या गरजेपेक्षा ३०० ते ५०० कमी ठेवल्या की पुरे.

आता साखरेचं माप. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी की वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस यांतून येणारी मिळून ‘मोकळी साखर’ दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली असावी, आणि ५ टक्क्यांखाली आली तर आणखी चांगलं. २००० कॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. सपाट चहाचा चमचा साधारण ४ ग्रॅमचा, पण शिगोशीग भरलेला ६-७ ग्रॅमपर्यंत जातो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आपला रोजचा चमचा एकदा तरी तोलून बघा, बरेच जण चपापतात.

दिवसाला २५ ग्रॅम धरले आणि चहा-कॉफी दिवसातून चार कप, प्रत्येकी दोन चमचे असेल, तर ३२ ग्रॅम तिथेच गेले. मिठाईचा नंबर यायच्या आतच कोटा संपला. म्हणून कात्री आधी चहाला लावा, मिठाईला नंतर. दर दहा दिवसांनी प्रत्येक कपातला अर्धा चमचा कमी करायचा. दोनवरून शून्यावर यायला साधारण ४० दिवस लागतात. एकदम बंद केला तर चहा औषधासारखा लागतो आणि चौथ्या दिवशी माणूस पुन्हा दोन चमच्यांवर येतो. जीभ सावकाश बदलते, पण बदलते. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन महिने कमी साखरेवर राहिलेल्यांना तेच पुडिंग आधीपेक्षा जास्त गोड लागू लागलं. मात्र त्यांची गोडाची आवड काही कमी झाली नाही आणि मोकळीक मिळताच ते पूर्वीच्या प्रमाणावर गेले. म्हणजे तपस्या संपली की सुटका, असा हिशेब करू नका. पुढे वर्षानुवर्षं पाळता येईल तेवढंच कमी करा.

मिठाईला रोजच्या दिवसात एक ठरलेली जागा द्या, ती जेवणानंतरची. भरल्या पोटी साखर रक्तात सावकाश उतरते, हातही लवकर थांबतो. दातांनाही ते बरं, कारण दिवसभर थोडंथोडं गोड चघळणं हे एकदा बसून खाण्यापेक्षा दातांना जास्त घातक असतं. ठरलेला तुकडा छोट्या बशीत काढायचा, डबा बंद करून जागेवर ठेवायचा आणि मगच बसायचं. डबा मांडीवर आला की मोजमाप संपलं.

पहिले तीन-चार घास सर्वांत चवदार लागतात, पुढे त्या चवीचा कंटाळा येत जातो. हा कंटाळा त्या एका चवीपुरताच असतो. तुडुंब जेवल्यावरही गोडाला जागा निघते ती त्यामुळेच, आणि समारंभात पाच गोड पदार्थ मांडलेले असले की पाचही ‘फक्त चाखून’ एकापेक्षा कितीतरी जास्त पोटात जातं तेही त्यामुळेच. पाचही बघा, त्यातला एक निवडा आणि तोच मनसोक्त खा.

प्रश्न : साखरेऐवजी मध, गूळ, खजूर वापरते. नैसर्गिक असल्याने वजन वाढणार नाही ना?

वाढेल. एक चमचा मध ७ ग्रॅमचा असतो आणि त्यात २० च्या वर कॅलरी असतात, सपाट चमचाभर साखरेत १६. मध जड असतो, त्यामुळे चमच्याला चमचा मोजलात तर उलट तुम्ही तोट्यात. गुळात खनिजं असतात हे खरं, पण त्यातून दिवसाचं लोह भागवायचं तर इतका खावा लागेल की वजनाची वेगळी चिंता नको. चव आवडते म्हणून दोन्ही जरूर वापरा, फक्त हिशेबात साखर म्हणूनच धरा. (वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवूही नका, त्यातून बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते.)

खजुराचं थोडं वेगळं आहे, त्यात तंतू असतात आणि चावायला वेळ लागतो. पण मोठ्या मेडजूल जातीच्या एका खजुरात साधारण ६५ कॅलरी आणि १६ ग्रॅम साखर असते. जेवणानंतर एक खजूर चघळत खाणं छान. पाच खजूर, वर सुकामेवा घालून वाटले, गोळे वळले आणि त्याला पौष्टिक म्हणून येता-जाता तोंडात टाकले, तर सव्वातीनशे कॅलरी नुसत्या खजुराच्या झाल्या.

प्रश्न : शुगर-फ्री गोळ्या आणि पावडर चालतील का? त्या घालून केक केला तर तो पांढुरका आणि दगडासारखा झाला. काय चुकलं?

केकचं आधी सांगतो, कारण त्यात तुमची काही चूक नाही. केकमध्ये साखर फक्त गोडीसाठी नसते. लोण्याबरोबर फेटताना तिचे कण हवा कोंडून धरतात, ती पाणी धरून ठेवते म्हणून केक ओलसर राहतो, पीठ आणि अंडं घट्ट होणं ती लांबवते म्हणून केकला फुगायला वेळ मिळतो, आणि वरचा तपकिरी रंगही बराचसा तिच्यामुळेच येतो. शुगर-फ्री पावडरींतलं सुक्रालोज साखरेच्या साधारण ६०० पट गोड, म्हणजे २०० ग्रॅम साखरेच्या जागी चिमूटभर पुरतं. गोडी आली, पण २०० ग्रॅम वस्तू पातेल्यातून गायब झाली. अस्पार्टेम तर भट्टीच्या उष्णतेत आपली गोडीही गमावतं. स्टीव्हिया जास्त पडलं की मागून कडवट लागतं. एरिथ्रिटॉल भरपूर घालता येतं, पण जिभेवर गार वाटतं आणि केक थंड झाला की त्याचे खडे कचकचतात.

सोपा मार्ग म्हणजे कृतीतली साखर २०० वरून १५० ग्रॅमवर आणा, बाकी काही बदलू नका. बहुतेक केकमध्ये पाव हिस्सा साखर गेलेली खाणाऱ्याला कळतही नाही. अर्ध्यावर आणलीत तर पोत बिघडायला लागतो. मग तुकडा लहान कापा.

आता गोळ्यांचं. वजन ताब्यात ठेवण्याचं साधन म्हणून बिनसाखरेचे गोडवे वापरू नयेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये केली. ती आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही. थोड्या मुदतीच्या चाचण्यांत वजन किंचित कमी होतं, पण दीर्घकाळात त्याचा टिकाऊ फायदा दिसलेला नाही, असं त्यामागचं कारण. आमचं मत असं की रोज दोन-तीन बाटल्या साखरेचं शीतपेय पिणाऱ्याला बिनसाखरेच्या पेयावर आणणं ही चांगली पायरी आहे, पण ती पायरीच, मुक्काम नव्हे. ३३० मिलीच्या कोलात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, ती गेली तर फरक पडणारच. मात्र ‘शून्य कॅलरीचं पेय घेतलंय, आता एक पेस्ट्री चालेल’ असा हिशेब मनात सुरू झाला की सगळं पाण्यात. फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी अस्पार्टेम टाळायचंच.

‘शुगर-फ्री’ चॉकलेट आणि बिस्किटांचं वेष्टन उलटून वाचा. त्यांत बऱ्याचदा माल्टिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं, ग्रॅमला दोनच्या वर कॅलरी देणारं. साखरेच्या निम्म्याने. मैदा आणि तूप-तेल असतंच. आणि एका बैठकीत जास्त खाल्लं तर पोट फुगतं, जुलाब होतात.

प्रश्न : रात्री आठला जेवतो, बाराला झोपतो. साडेदहाला टीव्हीसमोर आइस्क्रीम लागतंच.

जेवण आणि झोप यांत चार तासांचं अंतर आहे, म्हणजे थोडी भूक असणार. पण आइस्क्रीमच लागतं आणि तेही टीव्हीसमोरच, म्हणजे मोठा वाटा सवयीचा. तीच खुर्ची, तोच कार्यक्रम, हातात तोच चमचा. यातली एखादी कडी मोडा. बसायची जागा बदला किंवा जेवल्यावर लगेच दात घासा. पेपरमिंटनंतर आइस्क्रीमची मजा जाते. १५ मिनिटं झपाझप चालण्यानेही चॉकलेटची तलफ कमी होते, हे इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातल्या प्रयोगांत दिसलंय. कॅलरी त्यात फारशा जळत नाहीत, उपयोग होतो तो डोकं दुसरीकडे वळण्याचा.

एवढं करूनही गार-गोड हवंच असेल तर केळ्याचं आइस्क्रीम करा, पण नीट करा. साल काळ्या ठिपक्यांची झालेली पिकली केळी घ्या, कच्चट केळं पिठूळ लागतं. एक सेंटीमीटर जाडीच्या चकत्या ताटात एकमेकींना न चिकटवता पसरा आणि तीन-चार तास फ्रीझरमध्ये ठेवा. पिशवीत कोंबून गोठवल्या तर दगड होतो आणि मिक्सरचं पातं अडकतं. बाहेर काढून पाच मिनिटं थांबा, मग थांबत-थांबत फिरवा. आधी वाळूसारखा रवा होईल. इथेच लोक घाबरून दूध ओततात आणि त्याचा मिल्कशेक होतो. दूध घालू नका. कडा खरवडून आणखी मिनिटभर फिरवा, एकाएकी ते लोण्यासारखं मऊ होतं. एका मध्यम केळ्यात १०५ कॅलरी. आइस्क्रीम १०० ग्रॅमला २०० च्या आसपास जातं, आणि टीव्हीसमोर कुणी १०० ग्रॅमवर थांबत नाही.

प्रश्न : घरी काढलेला ताजा संत्र्याचा रस आणि संत्री, फरक काय?

पेलाभर (२४० मिली) रसात साधारण २१ ग्रॅम साखर आणि ११० कॅलरी. तेवढ्या रसाला तीन-चार संत्री लागतात. तीन संत्री सोलून, चावून खायला पंधरा मिनिटं लागतात आणि दुसऱ्यालाच पोट भरतं. रस अर्ध्या मिनिटात संपतो. पातळ कॅलरींची पोटात नोंद नीट होत नाही. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना रोज ४५० कॅलरी चार आठवडे जेलीच्या गोळ्यांतून आणि चार आठवडे शीतपेयातून दिल्या. गोळ्यांच्या काळात त्यांनी बाकीचं खाणं आपोआप कमी केलं, पेयाच्या काळात केलं नाही. प्यायचाच असेल तर अर्धा पेला, जेवणासोबत.

प्रश्न : एका समारंभात दोन दिवस गोडधोड झालं. तिसऱ्या दिवशी काटा १.३ किलो जास्त दाखवतो. आता दोन दिवस उपास करू का?

करू नका. किलोभर चरबी साठायला गरजेपेक्षा साधारण ७७०० कॅलरी जास्त जाव्या लागतात. १.३ किलो म्हणजे दहा हजार. दोन दिवसांत तुम्ही तेवढं खाल्लेलं नाही. झालंय ते असं: साखर आणि पिष्ट ग्लायकोजनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठतं, आणि दर ग्रॅम ग्लायकोजनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी अडकतं. वर समारंभाच्या जेवणातलं मीठ. बरंचसं पाणीच आहे, नेहमीचं खाणं सुरू केलंत की काही दिवसांत उतरेल.

उपास केलात तर पहिल्या प्रश्नातली चार वाजताची वेळ तुमच्यावर दुप्पट जोरात येईल. वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही न खाता-पिता, टणक फरशीवर ठेवलेल्या त्याच काट्यावर करा. गादीवर किंवा गालिच्यावर ठेवलेला काटा भलतंच दाखवतो. रोज करत असाल तर सात दिवसांची सरासरी काढून मागच्या सरासरीशी ताडा, एकट्या आकड्याला किंमत देऊ नका. सोबत बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. ती उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. १६० सेंमी उंचीला ८० सेंमीच्या आत.

प्रश्न : पाळीच्या आधीचा आठवडा आला की चॉकलेटशिवाय चालत नाही. वजनही वाढतं.

त्या दिवसांत शरीर किंचित जास्त ऊर्जा वापरतं, भूकही वाढते. हा बिघाड नव्हे. त्या चार-पाच दिवसांसाठी रोज दीडशे कॅलरी आधीच बाजूला काढा: ७० टक्के कोकोचं २० ग्रॅम चॉकलेट (साधारण १२० कॅलरी) आणि थोडी फळं. तेवढ्याने भागतं. ऐनवेळी मन मारून नंतर आख्खी वडी संपवण्यापेक्षा हे बरं. अंगात पाणी साठत असल्याने त्या आठवड्यात काट्यावर उभं राहूच नका.

प्रश्न : मधुमेहासाठी इन्सुलिन घेतो. कधीकधी एकदम गोड खावंसं वाटतं, घाम येतो, हात थरथरतात. वजन वाढेल म्हणून दाबून ठेवतो.

दाबून ठेवू नका. हा जिभेचा हट्ट नसून रक्तातली साखर उतरत असल्याची खूण असू शकते. लगेच मोजा. १०० मिली रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा मोजायची सोय नसेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज अथवा ३-४ चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढंच घ्या. चॉकलेट किंवा बिस्किटं या वेळी कामाची नाहीत, त्यांतल्या स्निग्धामुळे साखर उशिरा पोचते. सोबत अकार्बोज किंवा व्होग्लिबोजची गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर फुटत नाही, ग्लुकोजच जवळ ठेवा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, हे घरच्यांना सांगून ठेवा. असं वारंवार होत असेल तर डोस बदलावा लागेल. वेळा आणि आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : घरचे झोपले की लपून गोड खाते. पोट दुखेपर्यंत थांबता येत नाही. नंतर स्वतःची किळस येते. आठवड्यातून दोन-तीनदा, गेले सहा महिने.

तुम्ही लिहिलेल्या खुणा ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ या आजाराशी जुळतात: थोड्या वेळात खूप जास्त खाणं, थांबवता न येणं, मागाहून अपराधी वाटणं, आणि हे आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने किंवा जास्त. निदान प्रत्यक्ष भेटीतच होईल. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ गाठा. यावर बोधात्मक वर्तनोपचार (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे, सीबीटी) चांगले लागू पडतात. या स्तंभातले बाकीचे सल्ले, चमचे मोजणं, काट्यावर उभं राहणं, तुम्ही सध्या बाजूला ठेवा. भेट मिळेपर्यंत एकच करा: जागेपणी दर तीन-चार तासांनी काहीतरी खा, आदल्या रात्री कितीही खाल्लं असलं तरी. रात्रीच्या प्रसंगाची भरपाई म्हणून दिवसा उपाशी राहणं हेच पुढच्या रात्रीचं सरपण असतं. खाल्लेलं उलटून टाकत असाल तर लगेच डॉक्टरांकडे जा, रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. उलटीनंतर लगेच दात घासू नका, नुसत्या पाण्याने चूळ भरा.

प्रश्न : चॉकलेट खावंसं वाटतं म्हणजे शरीरात मॅग्नेशियम कमी आहे, असं वाचलं. खरं का?

चॉकलेटमध्ये मॅग्नेशियम असतं, एवढाच त्यातला खरा भाग. भोपळ्याच्या बियांत ते डार्क चॉकलेटच्याही दुपटीहून जास्त असतं, पण रात्री अकराला भोपळ्याच्या बियांसाठी कुणी कासावीस झाल्याचं पत्र आमच्याकडे अजून आलेलं नाही. कमतरतेची खूण असलेली ओढ वेगळी असते. सारखा बर्फ चघळावासा वाटणं, किंवा माती, खडू असं खाऊ नये ते खावंसं वाटणं. असं होत असेल तर लोह कमी असू शकतं, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) तपासून घ्या.